गाळ शून्य

आमची पोर नवी मुंबईला एका कंपनीत संगणकावर काम करते. तिची आई गेल्यावर ती काही दिवस घरी राहिली आणि पडवीत बसून तिनं एक मॉड्यूल लिहिलं. मी चौथी शिकलेला, जन्म गेला खलाशी म्हणून. तिनं मला जेवढं समजावलं तेवढंच सांगतो. संगणकाला एखादी गोष्ट एकदा नीट शिकवायची आणि तिची पुडी बांधून ठेवायची. ज्याला लागेल त्यानं पुडी उचलावी, आपल्या कामात घालावी. भाषा पायथन. अजगराचं नाव भाषेला! म्हटलं, ठेवा बापडे.

तिची पुडी एकच सांगणार होती. अमुक दिवशी अमुक जेटीला लाँच कधी तरंगेल.

हे का, तेही सांगतो. आमच्या गावाला दवाखाना नाही. लाँचनं खाडी ओलांडली की अलिबागचा रस्ता जवळ. गाडीनं जायचं तर म्हसळ्याकडून मोठा वळसा. पावसाळ्यात लाँच बंद असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की सुरू होते. पौर्णिमेचं पाणी उधाणाचं, दांडगं. लाँच आली, गेली, कुणाला काही अडचण आली नाही. सगळा गाव समजला की जेटी गेल्या वर्षी होती तशीच आहे.

पुढं षष्ठीला हिच्या छातीत दुखायला लागलं. दुपार झाली होती. आमच्याकडं भरतीसाठी तिथीची पाऊणपट करतात. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला भरती पूर्ण, म्हणजे दोनच्या सुमाराला लाँच तरंगणार. मी तसंच म्हटलं, लाँचवाला तसंच म्हणाला, जेटीवर उभी असलेली चार माणसंही तसंच म्हणाली. गाडी कुणी बघितली नाही.

पाणी वेळेवर आलं. लाँच तरंगली नाही. पावसाळ्यात खाली गाळ चढला होता. पौर्णिमेच्या पाण्यात तो दिसला नाही, षष्ठीच्या लहान पाण्यात लाँच त्यात बसून राहिली. आम्ही सगळ्यांनी पाणी मोजलं, चिखल कुणी मोजला नाही. भरती पुरी होत आली तेव्हा लाँच हलली. तोवर ही गेली होती. जेटीवर, मासळीच्या टोपल्यांशेजारी, माझ्या मांडीवर.

तर पोर लिहायला बसली. मी समोर विडी ओढत.

"बाबा, जेटी हा एक साचा समजा," ती म्हणाली. "मोदकाचा असतो ना, तसा. आपली जेटी त्यातनं निघते, दिवेआगरची निघते, कुठलीही निघते. सारण जिचं तिचं."

"सारण काय?"

"जागा कुठली, भरती किती उशिरा पोचते, गाळ किती."

माझी पाऊणपट तिनं घेतली नाही. एकच तिथी दोन दिवस आली की तुमचा हिशोब चुकतो, म्हणाली. मी म्हटलं, "तसं झालं की आम्ही पाण्याकडं बघायचो."

"संगणकाला डोळे न्हाईत, बाबा. मी चंद्रावरनं काढते." बरोबर होतं तिचं.

मग गाळाचं आलं. ज्यानं गाळ सांगितला नाही, त्याच्यासाठी तिनं आपलं शून्य धरलं.

"शून्य? कुठल्या खाडीत ग?"

"अहो, सगळंच भरायला लावलं तर कोण वापरेल? लोक कंटाळतात."

"कंटाळले तर कंटाळू देत."

"तुम्हाला न्हाय कळायचं ह्यातलं."

"न्हायच कळत. तू लिही."

पुडी बांधायच्या आधी तपासणी करायची असते. घडून गेलेले दिवस घालायचे आणि उत्तर ताडून बघायचं. पोरीनं मला न विचारता आईची षष्ठी घातली. गाळ भरला नाही. संगणक म्हणाला, लाँच दोन वाजता तरंगेल.

ती बघत राहिली. मीही वाकून बघितलं.

"हे पण तेच बोललं, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही बोललात तेच."

मी चहा टाकायला उठलो. ही असती तर तिनं टाकला असता. साखर कुठं ठेवते ते मला अजून सापडत नव्हतं.

परत आलो तर शून्य काढून टाकलेलं. आता गाळ सांगितला नाही तर मॉड्यूल उत्तरच देत नाही. गाळाचं माप कधी घेतलं तेही विचारतं, आणि मध्ये पावसाळा गेला असेल तर जुनं माप घेत नाही. मग तिनं आमच्या जेटीचा गाळ घातला. मी बांबूनं मोजून आणला होता. आता उत्तर आलं, भरती पुरी व्हायच्या जरा आधी. तसंच झालं होतं. खरं उत्तर मिळालं. त्याचं करायचं काय?

तिनं पुडी बांधली, सगळ्यांना घेता येईल अशी इंटरनेटवर ठेवली आणि कामावर गेली.

काही महिन्यांनी तिचा फोन. कुणी तरी तक्रार केली होती, गाळ माहीत नाही, निदान अंदाजे तरी धरा. "काय लिहू, बाबा?"

"लिही, बांबू घेऊन जा."

"असं लिहितात होय?"

पण लिहिलंन तिनं, जरा गोड करून.

यंदा नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ओहोटीला मी बांबू घेऊन जेटीखाली उतरलो. मांडीपर्यंत चिखल. वरून लाँचवाला ओरडला, "म्हाताऱ्या, लोक सोन्याचा नारळ देतात, तू समुद्राला काठी देतोस व्हय?"

"तुझ्या लाँचच्या बुडाचं माप घेतोय," मी म्हटलं.

तो हसला. दोरी त्यानंच टाकली मला वर यायला.

माप पोरीला कळवलं. तिनं मॉड्यूलला षष्ठी विचारली आणि फोनवर सांगितलं, "गेल्या वर्षीपेक्षाही उशीर, बाबा."

मी घरातनं खडू घेतला आणि जेटीच्या खांबावर मोठ्या अक्षरात लिहिलं: षष्ठीपासून दशमीपर्यंत दुखणेकऱ्यानं इथं थांबू नये. गाडीनं जावं.

गाडीनं ही पोचली असती का, ते मी पोरीला विचारलं नाही. तिनंही संगणकाला विचारलेलं नसावं.