लिंबाच्या खोलीतलं ताट

आमच्या लॉजला पाटी नव्हती. परभणीत स्टेशनाजवळच्या आणि बसस्टँडाजवळच्या लॉजांना भल्यामोठ्या पाट्या असायच्या, पण आमचा बंगला वकील-डॉक्टरांच्या वसाहतीत होता आणि पाटी लावणं सासऱ्यांना हलकं वाटायचं. ते स्वतः निवृत्त वकील. दोन मुलं नोकरीसाठी लांब गेली, वरचा मजला रिकामा पडला, तेव्हा त्यांनी वरच्या पाच खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या. ‘गिऱ्हाईक’ हा शब्द आमच्या घरात चालत नसे. पाहुणे म्हणायचं. कुणातरी ओळखीच्या माणसाची चिठ्ठी घेऊन आलं तरच खोली मिळायची.

मी धाकटी सून. माझे यजमान जिंतूरच्या कोर्टात वकिली करायचे, रोज सकाळच्या एसटीनं जायचे. खोल्या माझ्याकडं आणि स्वयंपाकघर सासूबाईंकडं, अशी वाटणी होती. खोल्यांना मी नंबर दिले नाहीत. खिडकीतून जे दिसेल ते खोलीचं नाव: मोगऱ्याची खोली, विहिरीची खोली, लिंबाची खोली. लिंब म्हणजे मागच्या अंगणातला कडुलिंब. प्रत्येक खोलीची चादर वेगळी, पितळी तांब्या वेगळा, टेबलावर औषधाच्या बाटलीत दोन फुलं. मला त्याचा फार अभिमान होता. पिंगळीच्या शेतकऱ्याची दहावी झालेली पोर मी, मला आणखी कशाचा अभिमान असणार?

पण आमच्याकडं लोक यायचे ते जेवणासाठी. पाहुण्यानं खाली स्वयंपाकघरात यायचं, पाटावर बसायचं आणि घरच्या पंगतीत जेवायचं, ही सासऱ्यांची पद्धत. ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात पडायची. मोठमोठे इंजिनियर, डॉक्टर त्या पंगतीसाठी वाकडी वाट करून यायचे आणि “अगदी घरच्यासारखं” म्हणून जायचे. आमचं घर कसं आहे हे तपासायची वेळ तोवर कुणावर आली नव्हती.

नामांतराची ती वर्षं होती. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून मराठवाड्यात घरं जळून गेली होती, माणसं गाव सोडून गेली होती, आणि तरी प्रश्न तिथंच होता. सासरे पंगतीत ठासून सांगायचे, “नाव द्यायलाच पाहिजे. तेवढा मोठा माणूस या देशात दुसरा झाला नाही.” समोरचा पाहुणा भाकरी मोडता मोडता मान हलवायचा. सासूबाई पुढची भाकरी तव्यावर टाकायच्या.

त्याच काळात त्या आल्या. शाळा तपासायची सरकारी नोकरी, वय माझ्याहून चार-पाच वर्षांनी जास्त. एकट्या बाईला स्टेशनाजवळच्या लॉजात राहणं शक्य नव्हतं. सासऱ्यांच्या एका जुन्या मित्राची चिठ्ठी त्यांनी आणली होती, ‘आमच्या माहितीच्या आहेत, घरच्यासारखी सोय करावी.’ आडनाव गावावरून पडलेलं, कुणाचंही असू शकेल असं. चिठ्ठी होती, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. सरकारी घर मिळेपर्यंत राहायचं ठरलं आणि मी त्यांना लिंबाची खोली दिली. सगळ्यात गार खोली ती.

दोन महिने त्या आमच्या पंगतीत जेवल्या. मी त्यांना ताई म्हणायचे, त्या मला वहिनी. जिंतूर, गंगाखेड करून धुळीनं माखून यायच्या, हातपाय धुवायच्या आणि चुलीजवळ माझ्या शेजारी पाट ओढायच्या. कुठल्या शाळेत गुरुजी झोपले होते, कुठल्या शाळेत वर्गात शेळ्या बांधल्या होत्या, असं सांगत हसवायच्या. मी फटकळ, जिभेला हाड नाही म्हणून माहेरी बोलणी खाल्लेली. त्यांना माझं बोलणं आवडायचं. “वहिनी, तुम्ही बारावीला बाहेरून बसा,” त्या म्हणाल्या, आणि एक दिवस खरोखरच अर्ज घेऊन आल्या. लग्नानंतर मला कुणी काही शिकायला सांगितलं असेल तर तेवढंच. मला मैत्रीण मिळाली होती. तोवर या वसाहतीत मला एकही नव्हती.

मग त्यांना ताप आला. जिना उतरवेना, म्हणून मी ताट वर न्यायला लागले. मुगाची पातळ खिचडी, वर तुपाची धार. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे वडील भेटायला आले. गंगाखेडकडच्या खेड्यातून, पांढरंशुभ्र धोतर, हातात पिशवी. पुढचं फाटक उघडं असून ते मागच्या बाजूनं आले आणि पायरीच्या खाली उभे राहिले. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. त्यांनी तांब्याला हात लावला नाही. वाकून दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली.

तांब्या त्यांच्या हातात द्यायचा, इतकं साधं होतं. मी वरून पाणी ओतलं. विचारही केला नाही, हातच तसा वळला. ते प्याले, तोंड पुसलं, “लय बरं वाटलं, माय,” म्हणाले. मी मागं वळले तर सासूबाई दारात उभ्या होत्या.

वडील लेकीला भेटून गेले. संध्याकाळी सासूबाई मला म्हणाल्या, “ताट वरच जाऊ दे आता. आजारी हाय म्हून नेतच हायस, तसंच चालू दे.”

“त्या बऱ्या झाल्या तरी?”

“तरी. कुणी काई बोलायचं न्हाई. तिलाबी वाईट वाटायला नको.”

सासरे तिथंच खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. मी वाट पाहिली. त्यांनी आणखी एक पान उलटलं. नाव द्यायलाच पाहिजे म्हणणारा माणूस! माझ्या मनात इतका राग उसळला की काय सांगू, पण तो तिथंच विझला. ताई परत पंगतीत बसणार की नाही हे आता माझ्यावर होतं, कारण वर ताट नेणारी मीच होते. आणि मी ते नेत राहिले.

ताप उतरला. ताई म्हणाल्या, “आज खाली येते, वहिनी. एकटीला जेवण जात नाही.”

“नका, अजून अशक्त आहात,” मी म्हणाले.

“बरं,” त्या म्हणाल्या आणि माझा हात दाबला. त्यांना ती माया वाटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी दुसऱ्या दिवशी मी तेच म्हणाले आणि तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी त्या हसून म्हणाल्या, “आज उन्हातून तीन शाळा पायी फिरले. दहा पायऱ्या उतरायला मात्र अजून अशक्तच ना मी?” मीही हसले. ते हसू आठवलं की आजही मला स्वतःची शिसारी येते.

त्यांचं ताट मी मागच्या नळावर वेगळं घासायचे आणि लिंबाजवळच्या भिंतीतल्या कोनाड्यात पालथं घालायचे. घरची बाकी भांडी आत मोरीत. सासूबाईंनी तसं सांगितलं होतं. लिंबाच्या खोलीची खिडकी त्याच नळावर उघडते हे माझ्या ध्यानातच आलं नाही. खोलीला नाव मीच दिलेलं, आणि मीच विसरले! त्या दिवशी ताट कोनाड्यात ठेवून मान वर केली तर ताई खिडकीत उभ्या होत्या. किती दिवसांपासून बघत होत्या कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बॅग घेऊन खाली आल्या. सरकारी घर मिळालं, म्हणाल्या. मिळालं नव्हतं, हे मला नंतर कळलं. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात रात्री मी वर नेलेलं ते ताट, स्वच्छ धुतलेलं. स्वयंपाकघराच्या दारापाशी त्या थांबल्या. आत सासूबाई विळीवर भाजी चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“वहिनी, मी धुऊन आणलंय,” ताई म्हणाल्या. “कुठं ठेवू?”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी केलं असतं. त्या खरंच विचारत होत्या आणि माझ्या तोंडाकडं बघत होत्या. ‘आत ठेवा’ एवढं म्हणायचं होतं. मी, जिला गप्प बस म्हणून सांगावं लागायचं, ती मी म्हणाले, “द्या इकडं.” ताट घेतलं आणि मागच्या दाराकडं चालू लागले. कोनाड्यात ठेवून परत आले तेव्हा फाटक उघडं होतं आणि पुढचा ओटा रिकामा होता.

जिन्याच्या कठड्यावर माझा बारावीचा अर्ज होता, उडू नये म्हणून वर तांब्या ठेवलेला. त्यांनी तो आदल्या रात्रीच सुवाच्य अक्षरात पूर्ण भरला असावा. फक्त सही राहिली होती. मी ती केली नाही. कुठल्या तोंडानं करणार होते?

पुढं सासूबाई गेल्या. पाहुणे कमी झाले, मग खोल्या बंदच केल्या. कोनाड्यातल्या त्या ताटाला कुणी हात लावला नाही. विद्यापीठाला नाव मिळाल्याची बातमी आली त्या सकाळी सासऱ्यांना फार आनंद झाला. म्हातारपणी काठी टेकत जाऊन त्यांनी स्वतः पेढे आणले, वसाहतीत वाटायचे म्हणून. “ताटात काढ गं,” म्हणाले. मी मागं गेले, कोनाड्यातलं ताट काढलं, चिंचेनं घासलं, त्यात पेढे मांडले आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांनी पेढा उचलला, तोंडात टाकला आणि ताटाच्या काठावरून बोट फिरवत म्हणाले, “हे ताट कुठलं? कधी पाहिलं नाही.”

“घरचंच आहे,” मी म्हणाले. याहून जास्त मला त्या दिवशीही बोलता आलं नाही.