झऱ्यापाशी दिलेला जबाब

अर्धांगवायूनं माझी वाचा गेली, तेव्हा गावच्या सातेरी देवीवरचा माझा विश्वासही गेला. खोटं कशाला लिहू? मुळगावात धालोच्या मांडावर, म्हणजे बायकांच्या गाण्यानाचाच्या अंगणात, कितीतरी वर्षं मी रांगेच्या शेंड्याला उभी राहिले आहे. पौषात बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एका रांगेनं ओवी टाकली की दुसरीनं जबाब द्यायचा. ओवी अर्धी सोडायची नाही, हा मांडाचा नेम. मी जागच्या जागी ओवी जुळवते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण या कामात मला कुणी हरवलेलं नाही. त्याच मला पेज मागता येईना. शेजारीण सुनेला म्हणाली, "यंदा म्हातारीची जागा माझी गो." मी ऐकत होते. उलट बोलायला जीभ वळत नव्हती.

काजूच्या दिवसांत सून मला हात धरून आमच्या डोंगरावर न्यायची. पलीकडचा अर्धा डोंगर खाणीनं खाल्ला आहे, अलीकडचा झरा मात्र अजून वाहतो. एका सकाळी सून बोंडू वेचत होती आणि मी झऱ्याशी एकटीच बसले होते. वरच्या बागेत सावंतवाडीकडची एक कामकरीण होती. ती मोठ्यानं गायली,

"डोंगराच्या कुशीत गे, झरा कोणी ठेविला?"

आणि थांबली. तिनं वरूनच हाक मारली, "गे आज्ये, ओवी लोंबकळत ठेवतंस काय?"

मला राग आला. मला विचारते! आणि गळ्यातून आपोआप निघालं,

"सातेरी मायेनं गे, तान्हेल्यांना राखिला!"

सुनेच्या हातातली टोपली पडली. "मांय! परत म्हणा!"

बोलायला गेले तर पुन्हा अडखळले. गाताना मात्र शब्द सरळ येत होते. मग मी घरात पेजसुद्धा ओवीतच मागू लागले. नातवंडं हसून लोळायची. हळूहळू बोलणंही सुटं झालं. त्या बाईला भेटायला गेले, तोवर बागेचं काम संपवून ती गावी परतली होती. तिला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही.

यंदा पौषात मी माझ्या जागी उभी राहिले. शेजारणीनं समोरून मुद्दाम अवघड ओवी टाकली. मी असा जबाब दिला की तीच म्हणाली, "काकी, तुझी जागा तुलाच शोभते गो!" शोभतेच. पण आता एक कळलं आहे. जन्मभर मी ओवी माझी म्हणत आले. पहिली ओळ समोरून येते. आपण फक्त जबाब द्यायचा. माये, तू हाक घालत राहा, मी उभी आहे.