इरोक्वॉयनिस्टची आई
मला कॅनडातल्या एका म्हातारीचा हेवा वाटतो. तिला मी पाहिलेलंही नाही. पण माझी लेक दिवसचे दिवस तिच्यासमोर रेकॉर्डर लावून बसते, तिची भाषा शिकते.

लेक काय करते असं इथे आखातात, सोहारला कुणी विचारलं की मी ठणकावून सांगते, "इरोक्वॉयनिस्ट आहे." बाकीच्यांचं 'इंजिनियर' म्हटलं की भागतं. मला पुढे समजावत बसावं लागतं. मलाही हा शब्द लेकीनेच एका शुक्रवारी फोनवर, तिच्या नेहमीच्या इंग्रजीत, उलगडून सांगितला. तिकडच्या मूळ लोकांच्या काही भाषांच्या कुळाला इंग्रजीत इरोक्वॉयन म्हणतात. त्यांचा अभ्यास करणारा इरोक्वॉयनिस्ट. मूळ नाव बहुतेक परक्यांनीच ठेवलेलं. फ्रेंचांनी ते कानाला लागलं तसं लिहिलं, इंग्रजांनी पुढे शेपूट जोडलं. नक्की आलं कुठून, यावर विद्वान अजून भांडतात.

"ते लोक स्वतःला वेगळंच म्हणतात, मम्मा. आजीने सांगितलं मला."

आजी म्हणजे ती म्हातारी! लेक तिला तिच्याच भाषेत आजी म्हणते. माझ्या आईला मात्र 'ग्रॅनी' म्हणायची. मालवणात फोन कानाला लावून बसलेली माझी आई "काय गो, जेवलंस?" एवढं विचारायची आणि पलीकडून आलेलं इंग्रजी ऐकून गप्प व्हायची.

माझं डोकंच फिरलं, तोंडून मालवणीच निघाली. "माझ्या आयशीची भाषा शिकूक तुका कधी वेळ गावलो नाय?"

"बट मम्मा, तू त्यात माझ्याशी कधी बोललीस?"

नव्हते बोलले. केजीच्या इंटरव्ह्यूआधी आम्ही नवराबायकोने ठरवलं होतं, घरात फक्त इंग्रजी. मालवणी उरली ती आमच्या भांडणांपुरती, तीही बेडरूमचं दार लावून; लेकीला कळते ती दाराआडून ऐकलेली तेवढीच.

विषय बदलायला मी विचारलं, "त्या बाईंना पोरंबाळं नाहीत? त्यांना शिकवावं की."

"आहेत ना. पण त्यांना येत नाही. आजी लहान असताना शाळेत ती भाषा बोललं की मारायचे. म्हणून तिने मुलांना शिकवलीच नाही."

मला तर कुणी मारलं नव्हतं.