शांतिसेनेतले तात्या पहारीच्या आड आले

मंडळी, हे आजच लिहिते.

मी इंदापूरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. आज दुपारी घरी येताना आमच्या गावात, वरकुट्यात, दोन चुलतभाऊ कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून भिडले. एकाचं डोकं फुटून शर्ट रक्तानं भिजला होता, तरी त्यानं कुऱ्हाड उगारलेली. दुसऱ्याच्या हातात पहार. आम्ही सगळे लांबून नुसते ओरडत होतो.

तेवढ्यात आमचे निवृत्त फौजी तात्या रिकाम्या हातांनी मधे जाऊन उभे राहिले. तात्यांनी आफ्रिकेत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत नोकरी केलीय.

"आधी मला मारा!"

पहार त्यांच्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. तात्या जागचे हलले नाहीत. मारणारा मात्र पहार टाकून मटकन खाली बसला. दुसऱ्याची कुऱ्हाडही खाली आली.

दवाखान्यात मी विचारलं, "तात्या, भीती नाही वाटली?"

"वाटली की. तितं आमी मार खायाचो अन् बाकीचे देश लांबनं ठराव करायचे. आज तुमी बी तेच केलं, बाई."

एकावरचा हल्ला म्हणजे सगळ्यांवरचा हल्ला, हे सामूहिक सुरक्षेचं तत्त्व मी दरवर्षी वर्गात शिकवते. आज आम्ही वीस जण होतो, मधे गेला एकटा म्हातारा.

खरं सांगा, तुम्ही गेला असतात?