सात नंबरचे पांढरे लंगोट

चिदा तोमे आमच्या इस्पितळात सतरा वर्षं तान्ह्या मुलांचे लंगोट धूत होती, आणि एखादा लंगोट पांढराशुभ्र निघाला की तिचं डोकं फिरायचं. नव्या सिस्टरला हे कळायला महिना लागायचा. मला दोन लागले. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, आणि धोबीघरातल्या बायकांना काही कळतं हे मानायची माझी तयारी नव्हती.

आमचा वॉर्ड तान्ह्यांच्या ऑपरेशनचा. पित्ताची नळी जन्मापासून बुजलेली बाळं आमच्याकडे यायची. पित्त यकृतातच तुंबायचं, अंग नि डोळे पिवळे व्हायचे आणि शी मात्र पांढरट. दोन महिन्यांच्या आत पोट उघडायचं, बुजलेली नळी काढून टाकायची आणि आतड्याचाच भाग वर ओढून थेट यकृताला शिवायचा. हे ऑपरेशन आमच्या शेजारच्याच प्रांतात शोधलेलं, त्यामुळे आम्हाला त्याचा भारी तोरा. पण ऑपरेशन झालं की डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे शीची वाट बघत बसायचे. शी पिवळी झाली म्हणजे पित्त वाहायला लागलं, बाळ जगेल. ती पुन्हा पांढरी पडली म्हणजे आतड्यातले जंतू वर चढले, सूज आली आणि नवी वाटही बुजायला लागली. त्या काळी ती एकदा पुरती बुजली की आमच्या हातात फारसं काही उरत नसे.

तोमेला हे कोणी शिकवलं नव्हतं. ती किनाऱ्यावरच्या कोळ्याची मुलगी, आधीची बारा वर्षं गरम झऱ्यांजवळच्या एका हॉटेलात चादरी धुतलेली. पण लंगोटांच्या बादल्यांवर खाटांचे नंबर असायचे, आणि कुठल्या नंबरचा डाग कसा हे तिला तोंडपाठ. पित्ताचा डाग हट्टी. उकळा, उन्हात घाला, फिकट पिवळी छटा राहतेच. "माझे लंगोट पिवळे, म्हणजे वरची पोरं ठणठणीत," असं ती मुळ्याचं लोणचं कुरकुर चावत सांगायची.

"साबण कमी घालतेस ते सांग की," धोबीघराचा मुकादम म्हणायचा.

"उरलेला तुझ्या टकलाला ठेवलाय," हे तिचं ठरलेलं उत्तर.

१९७७च्या फेब्रुवारीत सात नंबरच्या खाटेवर मासुमी नावाची अडीच महिन्यांची मुलगी होती. ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेले. तिची आई सेत्सुयो डोंगरातल्या एका वस्तीतली, बाळाच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपायची. इतकी भिडस्त की खिडकीला डोकं आपटलं तर खिडकीची माफी मागेल. शीचा रंग आईने तक्त्यावर लिहायचा, असा आमचा नियम. ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी मासुमीची शी पिवळीधमक झाली, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. त्यानंतर तक्त्यावर रोज एकच शब्द: "कालच्यासारखीच." मी तक्ता वाचायची, बादलीचं झाकण न उघडता पुढे जायची. ही माझी चूक, आणि ती मी कुणाच्या गळ्यात घालणार नाही.

एका मंगळवारी सकाळी तोमे ओल्या रबरी बुटांसकट जिना चढून थेट वॉर्डात आली. धोबीघरातलं माणूस कधी वर येत नसे. हेडसिस्टर कुदोबाईंनी डोळे वटारले.

"चिदा-सान, ते बूट!"

"बूट पुसते नंतर. सात नंबरची आई कुठंय?"

सेत्सुयो उठून कमरेत वाकली. तोमेने हातातला लंगोट तिच्या नाकासमोर धरला.

"हा तू धुतलास?"

"धुतला नाही, नुसता खळबळला. माफ करा. आमच्या बाळाची घाण दुसऱ्यांनी का काढायची, म्हणून रोज सिस्टर यायच्या आधी…"

"साबण लावलास?"

"नाही. माफ करा."

"सारखी माफी नको मागूस गं, कान किटले! साबण नाही आणि लंगोट पांढरा? चार दिवस असेच येतायत. गेल्या आठवड्यातले तुझे मी दोनदा उकळले तरी पिवळे होते. आधी म्हटलं, बाईचा हात चांगला दिसतोय. मग म्हटलं, एवढा चांगला हात माझासुद्धा नाही."

सेत्सुयोचा आवाज बारीक झाला. "थोडी फिकट वाटते. पण कालच्यासारखीच…"

"आणि काल परवासारखी! असं रोज कालशी ताडून बघत बसलीस तर तुला कधी कळायचं?"

"रंग बघणं डॉक्टरांचं काम आहे," कुदोबाई म्हणाल्या.

"मग बघू दे ना त्यांना! ही आई लंगोट धुऊन टाकते, ही सिस्टर कागद वाचते, डॉक्टर त्या कागदावर सही करतात. लंगोट बघणारी ह्या इमारतीत मी एकटीच."

मला राग आला. तिला खोटं पाडायचं म्हणून मी मासुमीचा अंगावरचा लंगोट सोडला. शी मातकट पांढरी होती. थर्मामीटर लावला, साडेसदतीस सेल्सियसच्या वर, म्हणजे ताप चढायला लागलेला. मी डॉक्टरांना बोलवायला धावले.

दुपारी ताप एकोणचाळीसवर गेला, पण तोवर शिरेतून औषध सुरू झालेलं होतं. पुढचे दिवस तोमे रोज सकाळी वर यायची. जिन्याखाली बूट काढायची, लंगोट बघायची आणि खाली जायची. कुदोबाईंनी एकदाही अडवलं नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला. शी पांढरीच.

"मी धुतले नसते तर…" सेत्सुयो म्हणाली.

दुसरी कोणी असती तर तिने खोटा धीर दिला असता. तोमे म्हणाली, "तर चार दिवस आधी कळलं असतं. खरं ते खरं. पण तू रडून लंगोट पिवळा व्हायचा नाही. जेव आधी." आणि तिने आपल्या डब्यातला भाताचा गोळा तिच्या हातात कोंबला.

पुढच्या दोन वर्षांत मासुमी ह्याच तापाने तीनदा परत आली, तेही सांगायला हवं. हे ऑपरेशन एकदा करून सुटका होण्यातलं नाही. पण तिन्ही वेळा सेत्सुयो शीचा रंग बदलल्याच्या दिवशीच दारात हजर होती, आणि हेडसिस्टरच्या तोंडावर "आधी हा लंगोट बघा" म्हणायला शिकली होती. हे बळ तिला कुठून आलं ते मी पाहिलंय.

त्या पहिल्या तापाच्या वेळी, औषध सुरू झाल्यापासून नवव्या दिवशी मी चादरी आणायला धोबीघरात उतरले होते. मागून सेत्सुयो आली. दोन्ही हातांवर उघडा लंगोट, पाहुण्यासमोर चहा धरावा तसा. मधोमध पिवळीधमक शी. मुकादमाने नाक मुरडलं. तोमेने हात ॲप्रनला खसाखसा पुसले आणि दोन्ही पुढे केले.

आता ही वाकणार आणि माफी मागणार, म्हणून मी वाट बघत राहिले. सेत्सुयो ताठ उभी होती.

"घ्या," ती म्हणाली. "माझ्या मासुमीची आहे."