अंथरलेली सतरंजी

रिठदचे पाळक शमुवेल वानखडे, म्हणजे आपले पास्टरबाबा, यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी झोपायला आलो होतो.

मी मूळचा अनसिंगचा. त्या वर्षी गव्हाच्या मळणी यंत्रावर कामाला म्हणून रिठदला आलो होतो. एका रविवारी ऊन चढता चढता यंत्राचा पट्टा तुटला आणि मालक नवीन पट्टा आणायला रिसोडला गेले. सावली शोधत फिरताना टिनाच्या छपराची एक खोली दिसली. दार सताड उघडं. आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच मोठी सतरंजी अंथरलेली, गावची पंगत बसेल एवढी. बसलेली माणसं मात्र तीन. पास्टरबाबा, त्यांच्या पत्नी मार्थामाय, आणि ऐकायला कमी येणाऱ्या म्हाताऱ्या कौसाबाई.

“या, पुढं या. मांगं काहून बसता? इथं लय जागा हाये,” पास्टरबाबा म्हणाले.

“मी झोपाले आलो,” मी खरं ते सांगून टाकलं.

“मंग झोपा. आमी हळू गातो.”

जाग आली तेव्हा उपासना कधीचीच संपली होती. पास्टरबाबा माझ्याजवळ नुसते बसून होते. सतरंजीची घडी घालायची राहिली होती, कारण तिच्यावर मी होतो. मी ओशाळून म्हणालो, “उठवलं काहून नाई?” ते म्हणाले, “घाई कोनाले हाये?”

पुढं दोन-तीन हंगाम मी रिठदलाच काम केलं आणि दर रविवारी तिथं जाऊन बसू लागलो. पास्टरबाबा भल्या सकाळी खोली झाडत, मग गुडघ्यावर सरकत सरकत ती सतरंजी अंथरत. पुरी अंथरत. येणार किती, हे त्यांना ठाऊक असे. तरुण वयात ते या गावी आले. पिकं आली, गेली, गावातली पोरं बाप झाली, पण मंडळी काही वाढली नाही. समोरच्या चहावाल्या गजूभाऊंना तर ती रोजची करमणूक होती.

“पास्टर, आज गिऱ्हाईक किती?”

“मांगच्या आइतवाराएवढंच, गजू. तूच एक कमी हायेस.”

मध्ये शहरातल्या एका मोठ्या मंडळीनं, म्हणजे चर्चनं, त्यांना बोलावलं होतं. पक्की इमारत, भरलेली बाकं, राहायला घर. ते गेले नाहीत. मी एकदा विचारलं, “देवानं इथंच बोलावलं हे तुमाले कसं समजलं?” ते म्हणाले, “समजलं नाई बाप्पा. कुठंच चैन पडे ना. इथं आलो अन् पडली. मंग उठाचं कायले?”

हे शब्द मला फार लागतात. मी रिठद सोडलं, सुरतेला गेलो, तिथून पुण्याला, आता मोरबीला टाइलच्या कारखान्यात आहे. चैन अजून पडलेली नाही.

ते डगमगलेच नाहीत असं मी लिहिलं तर ते स्वतःच रागावतील. कौसाबाई वारल्या, त्यानंतरच्या रविवारी मी तिथं होतो. पास्टरबाबांनी सतरंजी निम्मी उलगडली आणि थांबले. उरलेली तशीच गुंडाळलेली ठेवून ते बसले. मार्थामाय दारातूनच म्हणाल्या, “अर्धीच काहून?”

“बसाले कोन हाये आता?”

“तुमाले बोलावनं अर्धंच आल्तं का?”

पास्टरबाबा उठले, उरलेली अंथरली. त्या दिवशी पहिलं गीत त्यांना सुरू करता आलं नाही. ते मार्थामायनं केलं.

मी सुरतेला असताना अनसिंगला माझ्या वडिलांचं एक अंग लुळं पडलं. मला दुसरं कोणी आठवलं नाही, मी पास्टरबाबांना फोन लावला. ते त्यांच्या जुन्या लुनावर रिठदहून निघाले, वडिलांना गाडी करून वाशीमच्या दवाखान्यात नेलं, मी पोचेपर्यंत उशाशी बसले. वडिलांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, “पास्टर, मी तुमच्या देवाचा नाई बरं.” त्यावर पास्टरबाबा म्हणाले होते, “म्या कुठं इचारलं? पानी पेता का?” वडील आजही हे सांगून हसतात, आणि हसता हसता डोळे पुसतात.

मी बाप्तिस्मा घेतलेला नाही. घे, असं त्यांनी कधी म्हटलंही नाही. माझं आणि देवाचं बोलणं अजून चालूच आहे. इथं सुट्टी असते तेव्हा रविवार नसतो, आणि रविवारी मी भट्टीपाशी असतो. पण उन्हं चढू लागली की हात आपोआप हळू होतात. वाटतं, आता खोली झाडून झाली असेल. आता पुरी अंथरली असेल.

हल्ली मात्र एका गोष्टीनं जीव खालीवर होत होता. पास्टरबाबांचे गुडघे आता वाकत नाहीत, आणि मार्थामायचे हात कापतात. त्यांच्यामागं तिथं पाळक म्हणून यायला कोणी तयार नाही, असं कानावर होतं. मागच्या रविवारी धीर करून फोनवर विचारलं, “बाबा, आता कोन अंथरते?”

“गजू,” ते म्हणाले.

मला वाटलं ते थट्टा करून राहिले. पण मागून गजूभाऊंचाच आवाज आला, “देवासाठी नाई करून राह्यलो! याइच्या गुडघ्यासाठी करून राह्यलो!”

“पुरी अंथरता का?” मी ओरडून विचारलं.

“अर्धी अंथरली तर मार्थामाय बसू देते का?” गजूभाऊ म्हणाले. पास्टरबाबा हळूच बोलले, “गीत संपेपर्यंत बसते बरं तो. चायचं भांडं गॅसवर ठेवून येते, म्हून दाराकडं पाहून बसते. पन बसते.”

बाबांच्या पंच्याहत्तरीच्या या दिवशी मी तिथं नाही. हार घालायला नाही, पाया पडायलाही नाही. पास्टरबाबांना आणि मार्थामायला देवानं पुष्कळ आयुष्य द्यावं, गुडघ्यांत थोडं बळ द्यावं, गळ्यात ते हळू गाणं तसंच ठेवावं. आणि माझी एक विनंती आहे. बाबा, मी एकदा झोपलो होतो तेव्हा तुम्ही सतरंजीची घडी घातली नव्हती, बसून राहिला होतात. तसेच अजून थोडे बसा. मी येईपर्यंत घडी घालू नका.