तानाबाईच्या सायकलीचा गंज

तानाबाई खोटं बोलत नाही, असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं तर खुशाल समजा की तो माणूस त्या गल्लीतला नाही. तानाबाई खोटं बोलते, चांगलं सराईतपणे बोलते, आणि पकडली गेली तर समोरच्याला चहा पाजून गप्प करते. सायकलीच्या बाबतीत मात्र ती आयुष्यात एकदाच खोटं बोलली, आणि नेमकी तिथेच तोंडघशी पडली.

बाई चौपन्न वर्षांची. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या घड्या घालायचं काम. माहेर मैंदर्गीकडचं, बापाची मेंढरं. नवरा गेला. लेक सुकन्या लग्न होऊन वेळापूरला गेली, तिथे आशाताई म्हणून वस्त्या-वस्त्या फिरते. तानाबाईकडे राहिली एक खोली आणि सुकन्येला शाळेत मिळालेली सायकल. लग्नाआधी महिनाभर त्याच पोरीनं मागून कॅरिअर धरून आईला सायकल शिकवली होती, तेही वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. तानाबाई दोनदा बाभळीत शिरली, एकदा पाववाल्याच्या अंगावर गेली. पण शिकली. तेव्हापासून आठ वर्षं तिनं रिक्षात कुणाच्या मांडीला मांडी लावली नाही की कुणाची वाट बघितली नाही. मनाला येईल तेव्हा निघायचं, वाटलं तर वाटेत उतरून भाजी घ्यायची. असलं सुख तिला नवरा असतानाही मिळालं नव्हतं, आणि हे ती चारचौघींत बोलूनही दाखवायची.

आता खोली एवढीशी, की सायकल आत घेतली तर तानाबाईनं बाहेर झोपायचं. म्हणून सायकल बाहेर, भिंतीला. आणि सोलापूरचं ऊन तर सांगायलाच नको, टायर तडकवतं, सीट उकलतं. पण तानाबाई मेंढपाळाची लेक. उघड्यावर जीव कसा राखायचा हे तिला कुणी शिकवायला नको. भिंतीत जुनी कडी होती, पूर्वी कुणाची तरी म्हैस बांधायची. त्या कडीत साखळी ओवून सायकल बांधायची, वाऱ्याकडं पाठ करून. चाकांखाली विटा, म्हणजे गटार तुंबलं तरी पाणी टायरला लागत नाही. चेनला कारखान्यातल्या सुताच्या गुंत्यानं तेल. आणि वरून बापाचं काळं घोंगडं, जमिनीपासून वीतभर उचललेलं. घोंगड्याच्या आत, हँडलला, बापाच्या म्होरक्या एडक्याची घंटा. घोंगड्याला कुणी हात लावला की घंटा वाजणार आणि तानाबाई लाटणं घेऊन बाहेर येणार. सकाळी घोंगडं झटकायचं, भिजलं असेल तर वाळवायचं, मगच स्वतःचा चहा.

शेजारची कानडी नागव्वा म्हणायची, "येन अक्का, काय गं हे, सुनंला तरी एवढं जपली असतीस का?"

"सुनंला विटांवर उभी करता येत न्हाय की," तानाबाई म्हणायची.

तर एका गुरुवारी सुकन्येचा फोन आला. "आये, सायकल धड हाय न्हवं अजून? रविवारी येते. सायकलीचंच काम हाय." तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

पोरगी सायकल न्यायलाच येतेय, असं तानाबाईनं धरून टाकलं. काम कसलं, हे उलटा फोन लावून विचारलं असतं तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण तिला विचारायचीच भीती. सायकल पोरीची. पोरगी वस्त्यांवर पायी फिरते, एवढंच तिला ठाऊक. आई म्हणून नाही म्हणायला तोंड नाही, आणि हो म्हणायला मन नाही. दोन रात्री ती तळमळली आणि शनिवारी संध्याकाळी नागव्वाच्या दारात उभी राहिली.

"कुंड्या रंगवायचा गेरू हाय का गं थोडा?"

"तुझ्याकडं कुंडी कुटं हाय?"

"घेणार हाय."

गेरू तेलात कालवून तानाबाईनं चेनवर, मडगार्डवर, रिमवर झकास गंज चढवला. चाकांतली हवा सोडली. ब्रेकच्या तारा ढिल्या केल्या. लांब जाऊन बघितलं, भंगारवाल्यानंसुद्धा तोंड फिरवलं असतं. मग बाई समाधानानं पुढे झाली आणि सवयीनं घोंगडं झटकून, वीतभर उचलून, नीट पांघरून आत गेली.

रविवारी सुकन्या आली. पाणी पिण्याआधी सायकलीपाशी गेली, घंटा वाजवत घोंगडं काढलं आणि बघतच राहिली.

"लई गंजली गं बाई," तानाबाई मागून कण्हल्यासारखं बोलली. "वय झालं तिचं. काय उपेग न्हाय आता."

सुकन्या मटकन उंबऱ्यावर बसली. "संपलंच मग. आये, तुला बोलले न्हाय, म्या तीन महिन्यांमागं जुनी सायकल घेतली. अंगणात उभी असती. भारीतलं प्लास्टिकचं कव्हर आणून गच्च बांधलं, तरी चेन गंजली, नटं जाम झाली. म्हटलं, आयेची आठ वर्षं उघड्यावर हाय न् नव्यासारखी हाय, जाऊन शिकून यावं. आमच्या नर्सबाईला बी सांगून आले, माझ्या आयेच्या सायकलीला गंज म्हणून ठाऊक न्हाय." तिनं उसासा टाकला. "तुझीबी अशीच झाली. मग कुणालाच जमत न्हाय म्हणायचं."

तानाबाईला सगळं सोसवतं. लबाड म्हणा, तोंडाळ म्हणा. पण तिला सायकल राखता येत नाही, असं वेळापूरच्या नर्सबाईपर्यंत जावं? तिनं पदराचं टोक बोटांना गुंडाळलं, तरातरा पुढं झाली आणि मडगार्डवर खसाखसा फिरवलं. पदर तांबडा झाला. खालून मडगार्ड चमकलं. पलीकडं नागव्वा फिस्सकन हसली.

सुकन्येनं बोट फिरवून बघितलं. "ह्यो गेरू हाय."

"व्हय."

"तुला वाटलं म्या न्यायला आले?"

"व्हय."

"मागितली असती तर दिली नसतीस?"

"न्हाय," तानाबाई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "म्हणून तर गेरू लावला."

सुकन्या हसता हसता आईच्या गळ्यात पडली. पोरीला राग कसला तो आलाच नाही, हे बघून तानाबाईला जास्तच लाज वाटली.

मग दुपारभर शिकवणी झाली. प्लास्टिक गच्च बांधलं की आत लोखंडाला घाम सुटतो, लोकरीतनं वारा जातो. विटा कशा, तेल किती, तोंड कुणीकडं. निघायच्या वेळी तानाबाईनं घोंगडं झटकलं, घडी घातली आणि लेकीच्या पिशवीत कोंबलं.

"आज्याचं घोंगडं? आन् तुझ्या सायकलीला काय?"

"तिला गंज चढलाय की," तानाबाई म्हणाली. "गंजलेल्याला कशाला पांघरूण?"